गोव्यात प्रेप : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्रेप म्हणजे एचआयव्हीची लागण होऊ नये म्हणून आधीच घ्यायचं औषध. एचआयव्ही तपासणीच्या आधी आणि नंतर लोकांशी बोलणं हे माझं काम आहे. पेडण्यापासून काणकोणपर्यंत जे प्रश्न मला पुन्हा पुन्हा विचारले गेले ते इथे दिले आहेत, शक्य तिथे विचारणाऱ्यांच्याच शब्दांत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण माणसं नेमकी तिथेच अडतात. हे वाचलं म्हणून डॉक्टरांकडे जाणं टाळू नका. काय विचारायचं ते मात्र ठरवून जा.

१. प्रेप म्हणजे लस आहे का?

नाही. लस एकदा टोचली की शरीर स्वतः लढायला शिकतं. प्रेपमध्ये औषध रक्तात असेपर्यंतच संरक्षण मिळतं. भारतात मिळणाऱ्या नेहमीच्या गोळीत दोन औषधं असतात : टेनोफोविर ३०० मिलिग्रॅम आणि एमट्रिसिटाबिन २०० मिलिग्रॅम. विषाणू शरीरात शिरला तरी ही औषधं त्याला पेशींमध्ये स्वतःच्या प्रती काढू देत नाहीत, त्यामुळे तो मूळ धरण्याआधीच संपतो. अमेरिकेत २०१२ साली या गोळीला प्रतिबंधासाठी मान्यता मिळाली. ज्यांना लागण होण्याचा धोका मोठा आहे अशा सर्वांना ती द्यावी, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली केली.

२. खरंच उपयोग होतो का? कुणी म्हणतं ४४ टक्के, कुणी ९९.

दोन्ही आकडे खरे आहेत. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या आयप्रेक्स अभ्यासात गोळी दिलेल्या गटात लागण ४४ टक्क्यांनी कमी झाली. पण गोळ्या घरी नेऊन न घेणारेही त्यात मोजले होते. ज्यांच्या रक्तात प्रत्यक्ष औषध सापडलं, त्यांच्यात संरक्षण ९० टक्क्यांच्या वर होतं. नेमाने घेणाऱ्यांमध्ये लैंगिक संबंधांतून होणारी लागण सुमारे ९९ टक्क्यांनी कमी होते. सुईने नशा करणाऱ्यांमध्ये हे प्रमाण कमी, किमान ७४ टक्के धरलं जातं. म्हणून त्यांनी प्रेप घेतली तरी सुई नवीच वापरावी.

आपल्या देशातही हे करून पाहिलेलं आहे. कोलकात्याच्या सोनागाछीत दुर्बार महिला समन्वय समिती आणि म्हैसुरात अशोदया समिती, या देहविक्रय करणाऱ्यांच्याच संघटना आहेत. त्यांच्यामार्फत स्त्रियांना प्रेप दिली गेली आणि त्या काळात त्यांच्यात एकही नवी लागण आढळली नाही. औषध तेच होतं, पण गोळीची आठवण करणारी बाई आपल्यातलीच होती. मला त्यात हीच गोष्ट सगळ्यात महत्त्वाची वाटते.

३. मला तिची गरज आहे का, हे कसं ओळखू?

तुम्ही कोण आहात यापेक्षा तुमच्या आयुष्यात काय घडतं ते बघा. कंडोम नेहमी वापरला जात नाही, किंवा वापरायचं तुमच्या हातात नसतं. जोडीदार पॉझिटिव्ह आहे आणि त्याचा उपचार अजून स्थिरावलेला नाही. जोडीदाराची स्थिती माहीतच नाही. मागच्या काही महिन्यांत गरमी (सिफिलिस) किंवा परम्यासारखा (गोनोरिया) आजार झाला होता. देहविक्रय करता. सुई दुसऱ्याबरोबर वापरता. यातलं काहीही लागू असेल तर विचारायला जा. पुरुषांशी संबंध ठेवणारे पुरुष आणि तृतीयपंथी व्यक्ती यांना धोका जास्त असल्याने त्यांचं नाव आधी घेतलं जातं, पण लग्न झालेल्या बाईलाही प्रेप लागू शकते (प्रश्न १२ पाहा).

४. काल रात्री कंडोम फाटला. आज प्रेप सुरू करू?

थांबा. तुम्हाला आता पेप हवी आहे, प्रेप नव्हे. संबंध आल्यावर ७२ तासांच्या आत सुरू करून २८ दिवस घ्यायची ती औषधं असतात, आणि जितक्या लवकर सुरू कराल तितकं चांगलं. सकाळच्या ओपीडीची वाट पाहू नका. मोठ्या इस्पितळाच्या अपघात विभागात जा आणि 'एचआयव्हीसाठी पेप हवी आहे' असं सरळ सांगा. बलात्कार झाला असेल तर ही औषधं इस्पितळात मोफत मिळायला हवीत, आणि उपचारासाठी आधी पोलीस तक्रारीची अट घालता येत नाही. पेपचे २८ दिवस संपताना तपासणी निगेटिव्ह आली आणि धोका पुढेही राहणार असेल, तर मध्ये खंड न पाडता प्रेपवर येता येतं.

५. सुरू करण्याआधी कोणत्या तपासण्या?

एचआयव्ही तपासणी सगळ्यात आधी, आणि ती टाळायची नाही. लागण आधीच झालेली असताना ही दोन औषधं घेत राहिलं तर ती उपचाराला अपुरी पडतात, आणि विषाणू त्यांना दाद देईनासा होऊ शकतो. बाकीच्या तपासण्या म्हणजे मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन, हिपॅटायटिस बी (प्रश्न १४) आणि सिफिलिस.

एक गोष्ट डॉक्टरांना आपणहून सांगा. गेल्या महिन्याभरात धोक्याचा संबंध आला आणि त्यानंतर ताप, घसादुखी, अंगावर पुरळ, गाठी असं झालं का? नव्या लागणीची सुरुवात अशीच असते आणि तेव्हा साधी तपासणी निगेटिव्ह येऊ शकते. पावसाळ्यात गोव्यात असा ताप आला की सगळे डेंग्यू म्हणून मोकळे होतात. अशा वेळी काही आठवडे थांबून पुन्हा तपासावं आणि मगच गोळी सुरू करावी.

पुढची एचआयव्ही तपासणी एका महिन्याने, नंतर दर तीन महिन्यांनी.

६. गोव्यात कुठे जायचं? पैसे किती?

तपासणी सरकारी आयसीटीसीत, म्हणजे एचआयव्ही समुपदेशन आणि तपासणी केंद्रात, मोफत होते. बांबोळीचं गोमेकॉ (गोवा मेडिकल कॉलेज), म्हापशाचं उत्तर गोवा जिल्हा इस्पितळ (जुने लोक अजून आझिलोच म्हणतात) आणि मडगावचं दक्षिण गोवा जिल्हा इस्पितळ ही मोठी ठिकाणं. जवळचं केंद्र १०९७ या मोफत क्रमांकावर विचारता येतं आणि तिथे नाव सांगावं लागत नाही.

गोळीचं गणित वेगळं आहे. सरकारी एआरटी केंद्रात मोफत मिळतात ती औषधं एचआयव्ही असलेल्यांच्या उपचारासाठी असतात. प्रेप मात्र बहुतेकांना डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन फार्मसीतून विकत घ्यावी लागते. भारतीय कंपन्यांच्या जेनेरिक गोळ्या आहेत आणि कंपनीनुसार किमतीत बराच फरक पडतो, म्हणून चिठ्ठीवर औषधांची नावं लिहून घ्या आणि दोन-तीन फार्मस्यांत चौकशी करा. बहुतेक फार्मस्यांत ती ठेवलेली नसते, मागवावी लागते. म्हणून पहिली बाटली संपायच्या दहा दिवस आधी दुसरी सांगून ठेवा. आयसीटीसीतल्या समुपदेशकालाही 'प्रेप मोफत कुठे मिळते का?' असं दर वेळी विचारा. मागणीची नोंद झाल्याशिवाय वर कुणाला ती दिसत नाही.

७. आमच्या केंद्रात माझ्या मावशीची शेजारीण काम करते. मी कसा जाऊ?

मला सगळ्यात जास्त विचारला गेलेला प्रश्न हाच. गोव्यात कुठूनही दोन तासांत इस्पितळ गाठता येतं, पण कदंब बसमधून उतरल्यापासून खिडकीपर्यंत चार जण तरी 'अरे, इथे कसा?' म्हणतात. सत्तरी तालुक्यातल्या एका मुलाने मला सांगितलं, की तो तीन वेळा दारापर्यंत जाऊन परतला. चौथ्या वेळी तो दुसऱ्या जिल्ह्यात गेला आणि दहा मिनिटांत काम झालं. तुम्हीही तसंच करा. तुमच्या तालुक्यातच तपासणी झाली पाहिजे असा नियम नाही. सत्तरीच्या माणसाला मडगाव चालतं, काणकोणच्याला म्हापसा.

हे सोयीचं नाही, आणि माणसांनी इतकी वणवण करावी हे बरोबरही नाही. गुप्तता राखणं तिथल्या कर्मचाऱ्यांवर कायद्याने बंधनकारक आहे. एचआयव्ही आणि एड्स (प्रतिबंध व नियंत्रण) कायदा २०१७ साली झाला आणि १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. तुमच्या संमतीशिवाय तपासणी करता येत नाही, आणि तुमची एचआयव्हीची स्थिती बाहेर सांगता येत नाही. कुणी हे मोडलं तर राज्याच्या लोकपालाकडे तक्रार करता येते, अशी या कायद्यातच तरतूद आहे.

पण मावशीच्या शेजारणीची भीती कायद्याने जात नाही, हे मला मान्य आहे. ती जाईल ती प्रेप साध्या ओपीडीत, रक्तदाब आणि साखरेच्या गोळ्यांच्या रांगेतच मिळू लागेल तेव्हा. वेगळी खोली आणि वेगळा दिवस ठेवला की त्या खोलीत जाणारा प्रत्येक जण ओळखला जातो. प्रेप लोकांपर्यंत पोचवायची असेल तर पहिलं काम हे, असं माझं ठाम मत आहे (प्रश्न १७ पाहा).

८. नाव नोंदवलं तर पोलीस येतील का? पूर्वी गोव्यात माणसं कोंडली होती म्हणे.

आताच्या तरुणांना हा प्रश्न विचित्र वाटेल, पण पन्नाशी ओलांडलेले लोक तो खरोखर विचारतात, आणि त्याला कारण आहे. १९८९ साली डॉमिनिक डिसोझा या गोव्यातल्या तरुणाला पोलिसांनी नेलं. त्याने रक्तदान केलं होतं आणि त्या रक्तात एचआयव्ही आढळला होता. गोव्याच्या सार्वजनिक आरोग्य कायद्यातल्या तरतुदीचा आधार घेऊन त्याला जुन्या क्षयरोग आरोग्यधामात ६४ दिवस एकटं ठेवलं. त्याच्या आईने न्यायालयात धाव घेतली, लोक रस्त्यावर उतरले. बाहेर आल्यावर त्याने एचआयव्हीसह जगणाऱ्यांसाठी काम उभं केलं. १९९२ साली तो वारला.

आज असं करता येणार नाही. प्रश्न ७ मधला कायदा एचआयव्ही असलेल्या माणसाशी भेदभाव करायला मनाई करतो. प्रेप घेणाऱ्याला तर एचआयव्ही नसतोच. शिवाय लागणीचा धोका कमी करण्यासाठी वापरलेल्या उपायांवर खटला भरता येणार नाही, असंही या कायद्यात म्हटलं आहे. गोळ्यांची बाटली किंवा कंडोमचं पाकीट हा गुन्ह्याचा पुरावा होत नाही. वास्कोच्या बायणा किनाऱ्यावरची देहविक्रय करणाऱ्या बायकांची वस्ती २००४ साली पाडली गेली तेव्हा तिथल्या बायका वाट फुटेल तिकडे विखुरल्या, आणि त्यांच्यापर्यंत कंडोम आणि तपासणी नेणाऱ्यांना त्यांचे पत्तेच उरले नाहीत. धाक दाखवला की माणसं आधी उपचारापासून लांब पळतात, हे आपण डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

९. गोळी कशी घ्यायची? किती दिवसांत संरक्षण मिळतं?

रोज एक, शक्यतो ठरलेल्या वेळी, जेवणाआधी किंवा नंतर कशीही. गुदमैथुनात संरक्षण साधारण सात दिवसांनी पूर्ण होतं. योनीमार्गातल्या संबंधासाठी आणि सुईच्या बाबतीत तीन आठवडे धरून चालावं. तोवर कंडोम. नंतरही कंडोम सोडून देऊ नका, कारण गरमी, परमा आणि गर्भधारणा या गोळीने टळत नाहीत.

गोळ्या मूळ बाटलीतच ठेवा. आत ओल शोषणारी पुडी असते, ती फेकू नका. जुलैत आपल्याकडे मीठसुद्धा पाझरतं.

१०. गोळी विसरलो तर? उपवासाच्या दिवशी काय करू?

आठवेल तेव्हा घ्या, पण एका दिवसात दोनपेक्षा जास्त नको. एखादी चुकली म्हणून सगळं वाया जात नाही. पुरुषांत गुदमैथुनाच्या बाबतीत आठवड्याला चार गोळ्यांपर्यंतही चांगलं संरक्षण दिसलं आहे. योनीच्या पेशींत औषध कमी साठतं, म्हणून बायकांना इतकी सवलत नाही. त्यांनी रोजची रोज घ्यावी. उपवासाला गोळी आणि पाणी चालतं. निर्जळी उपवास असेल तर सोडताना घ्या.

११. त्रास काय होतो? दारू चालते का?

सुमारे दहातल्या एकाला सुरुवातीला मळमळ, डोकेदुखी किंवा पोटात वायू होतो आणि महिन्याभरात थांबतो. रात्री झोपताना घेतली तर कमी जाणवतो. मूत्रपिंडावर थोड्यांना परिणाम होतो, म्हणून क्रिएटिनिन अधूनमधून बघायचं. हाडांची घनता किंचित कमी होते आणि गोळी थांबवल्यावर भरून येते.

दारूशी या गोळीचं वैर नाही. पण प्यायल्यावर गोळी आणि कंडोम दोन्ही विसरतात, तेव्हा गोळी आधी घ्या. मला जास्त काळजी डायक्लोफिनॅकसारख्या वेदनाशामकांची वाटते. ट्रॉलरवर, गोदीत किंवा बांधकामावर कष्ट करणारे कित्येक जण ती गोळी रोज चिठ्ठीविना घेतात. टेनोफोविरबरोबर ती रोज घेणं मूत्रपिंडाला महागात पडू शकतं. डॉक्टरांना हे नक्की सांगा.

१२. नवरा तारवटी (बोटीवर नोकरीला) आहे, आठ महिन्यांनी घरी येतो. मी त्याला न सांगता घेऊ का?

घेऊ शकता. तुमच्या औषधाला दुसऱ्या कुणाची परवानगी लागत नाही. आधी स्वतःची तपासणी करा, तो यायच्या तीन आठवडे आधी सुरू करा, तो घरी असेपर्यंत रोज घ्या आणि थांबवायची रीत प्रश्न १५ प्रमाणे पाळा. गरोदरपणात आणि अंगावर पाजतानाही ही गोळी चालते. गर्भनिरोधक गोळ्यांशी तिचा संघर्ष नाही.

तारवटी म्हटला की संशय घ्यायचा, हे मला पटत नाही. जमत असेल तर दोघांनी एकत्र तपासणी करणं सगळ्यात सोपं. पण घरात तो विषय काढला की मारहाण होईल अशी भीती असलेल्या बायका मला भेटल्या आहेत, आणि त्यांना 'आधी नवऱ्याशी बोला' असं मी सांगणार नाही. बाटलीवरचं नाव वाचून सासूने विचारलं तर? एकीने बाटली कामाच्या ठिकाणी ठेवली, दुसरीने बहिणीकडे. तेही चालतं.

बोटीवर जाणाऱ्यांनाही प्रेप घेता येते. चिठ्ठी आणि मूळ बाटल्या सोबत ठेवा. प्रेपमुळे कंपनीच्या वैद्यकीय तपासणीत एचआयव्ही पॉझिटिव्ह येत नाही. मात्र दर तीन महिन्यांची तपासणी कुठल्या बंदरावर होईल हे निघण्याआधीच ठरवा.

१३. मी फक्त शनिवार-रविवारीच भेटतो. रोज कशाला?

पुरुषांसाठी दोन-एक-एक अशी पद्धत आहे. संबंधाच्या २ ते २४ तास आधी दोन गोळ्या एकदम, त्यानंतर २४ तासांनी एक आणि पुढच्या २४ तासांनी आणखी एक. संबंध चालूच राहिले तर रोज एक, आणि शेवटच्या संबंधानंतर दोन दिवस. ही पद्धत बायकांना चालत नाही, ट्रान्स पुरुषांना नाही आणि इस्ट्रोजेन घेणाऱ्या ट्रान्स स्त्रियांनाही नाही. त्यांनी रोजच घ्यावी. प्रेपमुळे हार्मोनचा परिणाम कमी होत नाही, त्या भीतीने कुणी गोळी सोडू नये.

१४. तपासणीत हिपॅटायटिस बी निघाला. आता प्रेप बंद?

बंद नाही, पण एकट्याने निर्णय घेऊ नका. हीच दोन औषधं हिपॅटायटिस बीच्या विषाणूलाही दाबतात. त्यामुळे गोळी अचानक सोडली तर यकृताचा आजार उसळू शकतो. अशा माणसाने दोन-एक-एक वापरू नये, रोज घ्यावी आणि थांबवताना डॉक्टरांच्या नजरेखाली थांबवावी. हिपॅटायटिस बी नसेल तर त्याची लस टोचून घ्या.

१५. थांबवायची कशी? जोडीदार पॉझिटिव्ह पण एआरटीवर असेल तर घ्यायचीच का?

शेवटच्या धोक्याच्या संबंधानंतर पुरुषांनी दोन दिवस, बाकी सर्वांनी सात दिवस घेऊन थांबवावी. पुन्हा सुरू करताना पुन्हा तपासणी.

जोडीदाराचा व्हायरल लोड (रक्तातल्या विषाणूंचं प्रमाण) दबलेला असेल आणि औषधं नियमित चालू असतील, तर त्याच्याकडून लैंगिक संबंधांतून लागण होत नाही. मग त्याच्यासाठी तुम्हाला प्रेप लागत नाही. एआरटीचे पहिले सहा महिने, किंवा तो औषध चुकवतो असं दिसलं तर, तुमची गोळी चालू ठेवा.

१६. फार्मसीवाल्याने 'तेच आहे' म्हणून दुसरी गोळी दिली. घेऊ?

आधी घटक वाचा. टेनोफोविर आणि लॅमिवुडिन असेल तर रोजच्या प्रेपसाठी जागतिक आरोग्य संघटनेला ते मान्य आहे, डॉक्टरांना फोन करून घ्या. नुसतं टेनोफोविर असेल तर परत करा, ते बहुधा हिपॅटायटिस बीसाठी ठेवलेलं असतं. तिसरं औषध, म्हणजे डोलुटेग्राविर किंवा एफाविरेंझ, असेल तर ती उपचाराची गोळी आहे. मित्राच्या एआरटीच्या बाटलीतली गोळी तर घेऊच नका. तुम्हाला ती नको, आणि त्याची एक कमी पडते.

सहा महिन्यांतून एकदा घ्यायच्या लेनाकापाविर इंजेक्शनबद्दलही खूप जण विचारतात. त्याला २०२५ साली अमेरिकेत मान्यता मिळाली आणि जागतिक आरोग्य संघटनेनेही त्याची शिफारस केली. डॉ. रेड्डीज आणि हेटेरो या भारतीय कंपन्यांनी २०२७ पासून ते गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत वर्षाला सुमारे ४० डॉलरमध्ये देण्याची घोषणा केली आहे. बाटली लपवावी लागणाऱ्यांसाठी ते फार मोलाचं ठरेल. पण त्याच्या वाटेकडे डोळे लावून आज गोळीशिवाय राहू नका.

१७. मी प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टर आहे. मी काय करू शकतो?

खूप काही. प्रेप लिहायला तज्ज्ञ असावं लागत नाही, एमबीबीएस डॉक्टर लिहू शकतात. माणूस समोर बसला की 'तुला कशाला हवी?' असं विचारू नका. त्या एका वाक्यावर उठून गेलेले लोक मला माहीत आहेत, आणि त्यातला एक वर्षाने पॉझिटिव्ह होऊन परत आला. 'शेवटची तपासणी कधी केलीत?' असं विचारा. गुप्तरोगाच्या उपचाराला येणाऱ्या प्रत्येकाला प्रेपबद्दल आपणहून सांगा. जवळच्या फार्मसीशी बोलून दोन बाटल्या कायम ठेवायला सांगा. नाव पुकारताना आजाराचं किंवा औषधाचं नाव घेऊ नये, हे शिपायापर्यंत सगळ्यांना समजावा. आणि पहिल्या चिठ्ठीवर पुढच्या तपासणीची तारीख स्वतःच्या हाताने लिहून द्या, म्हणजे त्या माणसाला पुन्हा येण्यासाठी वेगळं कारण शोधावं लागणार नाही.